लाखबंद थैली

५ डिसेंबर २०००, मंगळवार

आज सकाळी सवयीने नऊ वाजता ओटीवर येऊन बसलो, टेबल पुसलं, शिक्क्याची तारीख फिरवायला हात गेला आणि मग आठवलं की आजपासून टपालाचा संप आहे. शिक्का होता तसा ठेवून दिला. बावीस वर्षांत या हाताने रोज काही ना काही लिहिलं आहे. आज लिहायला काही नाही, तर बोटांना चैन पडेना. घरात एक कोरी वही होती, तीत हे लिहितो आहे. वत्सला चौथी शिकलेली आहे, पण माझं अक्षर तिला लागत नाही, म्हणून निर्धास्त.

उद्या वही कुणाच्या हाती लागली तर कळावं म्हणून लिहून ठेवतो. मी खंडेराव, या गावचा पोस्टमास्तर. गाव मला मास्तर म्हणतं, सरकार म्हणत नाही. सरकारच्या लेखी मी खात्याबाहेरचा माणूस, साडेतीन तासांचा. ओटी माझी, टेबल माझं, खुर्चीचा मोडलेला पायही माझाच. सरकारचं काय, तर शिक्का, तराजू आणि भिंतीवरची लाल पेटी. म्हातारपणी पेन्शन नाही, काही नाही. आहे तो वीस गुंठ्यांचा झेंडूचा मळा. आम्हालाही खात्यात घ्या, एवढ्यासाठी हा संप. माझी आठ वर्षं उरली आहेत. या खेपेला नाही झालं तर कधीच होणार नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे.

कालची एक गोष्ट मनातून जात नाही. सायखेड्याहून टपालाची थैली मंगळू सायकलवर आणतो, ती अकरापर्यंत पोचते. काल सायखेड्याला टपाल आणणारी एस.टी. बंद पडल्यामुळे थैली चार वाजता आली. मी ओटीला कुलूप लावत होतो, साडेचारला सायखेड्यात संपाची सभा होती. एरवी थैली कितीही उशिरा येवो, मी ती त्याच दिवशी फोडतो. हात धुतलेले असोत की जेवणाचे. काल म्हणालो, "मंगळू, राहू दे. उद्यापासून बंदच आहे."

सभेत पुढारी म्हणाले, आलेलं टपाल तसंच ठेवा, लाखेला हात लावू नका. मी पुढच्या रांगेत बसून मान डोलावली. थैली ओटीवरच्या लाकडी पेटीत आहे.

६ डिसेंबर

सकाळपासून चौघे येऊन गेले. टपाल नाही म्हटलं तर लोक माझ्याकडे असं बघतात, की मीच गिळून बसलोय. कुसाबाईच्या मुलाचं नाशिकहून पत्र येतं दर महिन्याला, मीच वाचून दाखवतो. म्हणाली, "संप तुमचा, आन् जीव आमचा टांगणीला." खोटं नाही. पण आमचा जीव बावीस वर्षं टांगलेला आहे, त्याचं कुणी विचारत नाही.

८ डिसेंबर

आज सुवर्णा आली. शेजारच्या फुलाबाईची मुलगी. फुलाबाईचा नवरा माझा लांबचा भाऊ लागत होता, पोरगी सात वर्षांची असताना गेला. फुलाबाईने झेंडूच्या पाट्या डोक्यावर वाहून तिला बारावीपर्यंत नेलं, मग पोरीने नर्सिंगचा कोर्स केला. सरकारी दवाखान्यात परिचारिका भरायच्या आहेत, तिने दिवाळीआधी अर्ज टाकला. पाकिटावर तिकीट मीच चिकटवलं होतं, शिक्काही मीच मारला होता, आणि म्हणालो होतो, "जा, लागलीस तू."

घाई अशी की तिच्या मामाने विंचूरचं स्थळ आणलंय. कांद्याचा व्यापारी, बायको गेलेली, दोन मुलं. वय चाळीसच्या पुढे, मामा पस्तीस म्हणतो. मार्गशीर्ष संपला की पौषात लग्न होत नाही, म्हणून त्यांना पंचवीस तारखेच्या आत बार उडवायचा आहे. फुलाबाईने भावाला शब्द दिलाय, मुलाखतीचं पत्र आलं तर थांबू, नाही आलं तर तू म्हणशील तसं. एवढ्या एका पत्रावर पोरीचा जन्म अडकला आहे.

पोरगी ओटीच्या पायरीवर बसली. म्हणाली, "तात्या, चार तारखेची थैली तुम्ही फोडली नाही ना?"

"नाही."

"तिच्यात माझं पत्र असंल."

"असेल, नसेलही. नाशिकच्या ढिगाऱ्यातही पडलं असेल."

"बघता येईल ना पण."

मी तिला समजावून सांगितलं. लाखेवर सायखेड्याचा शिक्का असतो, तो एकदा तुटला की माझ्याकडे तशी लाख लावायला शिक्का नाही. थैली फोडली की सगळ्या गावाचं टपाल वाटावं लागेल, म्हणजे मी संप मोडला. आणि न वाटता नुसतं तुझं पाकीट काढलं, तर ती चोरी. बावीस वर्षांत एकही थैली मी माणसं पाहून फोडली नाही.

ती ऐकून घेत होती. उठताना म्हणाली, "बरोबर हाय तुमचं." तिच्या तोंडी बरोबर हा शब्द मला आवडला नाही.

वत्सला आतून ऐकत होती. जेवताना ताटात भाकरी जोरात पडली.

११ डिसेंबर, दत्तजयंती

देवळात पाळणा झाला. सुंठवडा घेतला. मंगळू भेटला. त्याला विचारायचं नव्हतं, तरी विचारलं, चार तारखेला सायखेड्यात थैली भरताना तू तिथे होतास का? म्हणाला, "व्हतो की. एक खाकी लांबडं पाकीट गेलं आपल्या थैलीत. सरकारी असंल. नाव नाय पाह्यलं."

खाकी लांबडं पाकीट आमच्या खात्याचंही असतं. परिपत्रकं त्यातच येतात. मी मंगळूला तसं म्हणालो. तो म्हणाला, "आसंल मास्तर, तुमी म्हन्ता तर."

१२ डिसेंबर

सुवर्णा आज नाशिकला जाऊन आली, पहाटेच्या गाडीने. कचेरीतल्या कारकुनाने सांगितलं, पत्रं एक तारखेलाच रवाना झाली. तारखा ज्याच्या त्याच्या पत्रात आहेत, वेगवेगळ्या. पत्र दाखवल्याशिवाय मुलाखतीला बसू देणार नाहीत. ती म्हणाली, साहेब, टपाल बंद आहे. तो म्हणाला, बाई, ते पोस्टाला विचारा.

पोस्टाला विचारा. पोस्ट म्हणजे मी.

एक तारखेला नाशिकहून निघालेलं पत्र सायखेड्याला दोनला तरी येतं, नाही तर चारला. मधला तीन तारखेचा रविवार. दोन तारखेची थैली मी फोडली, त्यात नव्हतं. म्हणजे एक तर चारच्या थैलीत आहे, नाही तर पाच तारखेपासून नाशिकला तुंबलेल्या टपालात. निम्मं निम्मं. मी स्वतःला निम्मं निम्मं असंच सांगतो आहे. बावीस वर्षं टपाल पाहिलेल्या माणसाला ते निम्मं नाही हे कळतं, पण कागदावर लिहायला काय हरकत आहे.

वत्सला म्हणाली, "आवो, सरकार तुम्हाला आपलं म्हनत नाय म्हनून तुम्ही बंद केलं. मग त्याच सरकारच्या लाखेला एवढं काय जपता?"

मी म्हणालो, तुला त्यातलं कळत नाही. तिचं वाक्य मात्र इथे लिहून ठेवलं.

१३ डिसेंबर

आज दुपारी पेटी उघडली. लाख शाबूत आहे. थैली मांडीवर घेऊन वरून चाचपली. गाय व्यायला झाली की पोट चाचपतात तशी. चार-पाच अंतर्देशीय असावीत, एक जाडसर मासिक, आणि एक लांब, कडक कोपऱ्यांचं. ते मधोमध वाकवून घातलंय. बराच वेळ त्या कोपऱ्यावर अंगठा ठेवून बसलो. मग लाज वाटली आणि पेटी लावली.

सायकल काढून सायखेड्याला गेलो. पुढाऱ्यांना गाठलं, नाव न घेता सगळं सांगितलं. ते माणूस वाईट नाहीत. ते म्हणाले, "खंडेराव, प्रत्येक गावात एक सुवर्णा आहे." नाव मी सांगितलं नव्हतं, बहुधा मंगळू बोलला. "कुणाचं औषधाचं पत्र आहे, कुणाचा बाप आजारी आहे. एकाने थैली फोडली की दुसरा फोडेल. मग आपल्याला पुन्हा साडेतीन तासांचेच ठेवतील. आणि यादीत तुमचं नाव फुटीर म्हणून लागेल ते वेगळं."

फुटीर. हा शब्द घेऊन सहा किलोमीटर सायकल मारली. गोदावरीच्या पुलावर थांबून पाण्याकडे बघत राहिलो. पुढारी खरं बोलत होते आणि वत्सलाही खरं बोलली. दोन्ही खरं असताना माणसाने करायचं काय, ते कोणत्याच परिपत्रकात लिहिलेलं नाही.

१४ डिसेंबर, गुरुवार

विंचूरची माणसं आली. मला मानाचं बोलावणं होतं, मास्तर म्हणून. मुलगा, म्हणजे तो गृहस्थ, साधा वाटला. फार बोलला नाही. बरोबर त्याची धाकटी मुलगी होती, चारेक वर्षांची. ती सगळा वेळ सुवर्णाच्या पदराला धरून होती. बायका म्हणाल्या, बघा, पोरीने आईला निवडलं. मला ते ऐकवेना.

मामा म्हणाला, "पत्र-बित्र काय येत नाय आता. पोस्टच बंद पडलंय, इचारा मास्तरांना."

सगळे माझ्याकडे वळले. फुलाबाईसुद्धा. "भावजी, येईल का वो?" तिने विचारलं. तेव्हा तोंड उघडून म्हणायला हवं होतं की थांबा, पत्र माझ्या पेटीत असण्याचा संभव आहे. मी म्हणालो, "संप कधी मिटेल सांगता येत नाही."

हे खोटं नव्हतं. पण त्याच वाक्याने लग्न ठरलं. चोवीस तारीख, रविवार. साखरपुड्याचा पेढा माझ्या हातात ठेवला, तो मी खाल्लाही.

१५ डिसेंबर

जे झालं ते जसंच्या तसं लिहितो.

सकाळी वत्सला मळ्यात गेल्यावर पेटीतून थैली काढली. टेबलावर ठेवली. सुतळी कापायची जुनी सुरी घेतली. ठरवलं होतं, फुटीर तर फुटीर. थैली फोडायची, सगळं टपाल गावात वाटायचं, सायखेड्याला जाऊन स्वतःच सांगायचं. नोकरी म्हणून जे काही आहे ते गेलं तर गेलं, झेंडू आहे. सुरी सुतळीखाली घातली होती. घातली होती, हे मी शपथेवर लिहितो.

तेवढ्यात पायरीवर सुवर्णा. लग्नाच्या याद्या करायला कागद मागायला आली होती. तिने सुरी पाहिली, थैली पाहिली.

मग म्हणाली, "तात्या, राहू द्या."

मी म्हणालो, "अगं, असेल तर अजून..."

"आता ठरलंय. आईनं शब्द दिलाय. आन् माझ्यापायी तुमचं नाव जायला नको." मग थोडं हसली. "बावीस वर्षं फोडली नाय ना तुम्ही कुणाचं तोंड बघून? मग माझं कशाला बघता?"

मला वाटलं ती आणखी एकदा म्हणेल तर मी ऐकायचं नाही, फोडायचीच. ती पुन्हा म्हणाली नाही. नुसती उभी राहिली, माझ्या हाताकडे बघत. बराच वेळ उभी होती. कशासाठी थांबली होती कळलं नाही. कागद तर मी दिला होता.

शेवटी मी सुरी बाजूला ठेवली. ती वळून गेली.

खरं सांगायचं तर सुटल्यासारखं वाटलं. तिनेच नको म्हटलं, आता माझ्याकडे बोट नाही. थैली पेटीत ठेवली. दुपारी वत्सलाला सांगितलं की पोरीने स्वतःहून नको म्हटलं. ती चुलीपुढे बसली होती. वळूनसुद्धा न बघता म्हणाली, "पोरी नकोच म्हनत्यात. आपन ऐकायचं नसतं."

१८ डिसेंबर, सोमवार

संध्याकाळी रेडिओवर बातमी लागली, संप मागे घेतला. मागण्यांचं काय झालं ते बातमीत नव्हतं. मंगळू सायकल घेऊन आला. म्हणाला, "मास्तर, मिळालं का काय?" मी म्हणालो, कळेल. आम्ही दोघे ओटीवर बसलो. त्याचे पाय सुजलेले आहेत. एकोणीस वर्षं सायकल मारतो आहे.

१९ डिसेंबर, मंगळवार

नऊ वाजता टेबल पुसलं. शिक्क्याची तारीख फिरवली. चार होती, एकोणीस केली. मधले चौदा दिवस बोटाखालून गेले.

लाख फोडली. पाच अंतर्देशीय, एक मासिक, कुसाबाईच्या मुलाचं पत्र, खात्याचं परिपत्रक. आणि खाकी लांब पाकीट, कुमारी सुवर्णा.

परिपत्रकही खाकी पाकिटात होतं, पण आखूड. ते पांढरं असतं तरी थैली न फोडायला मी दुसरं काही कारण शोधलं असतं.

मंगळूने हात पुढे केला. मी म्हणालो, हे मी देतो.

फुलाबाईच्या अंगणात लग्नाचे पापड लाटायला दहा-बारा बायका बसल्या होत्या. वत्सलाही होती. मला पाकीट घेऊन येताना पाहून पोळपाट थांबले. फुलाबाई उठली, तिच्या तोंडाला रंगच राहिला नाही. सुवर्णा समोर येऊन उभी राहिली. हात कोपरापर्यंत तेलाचे. म्हणाली, "तात्या, तुम्हीच फोडा. तुम्हीच वाचा."

या गावातली निम्मी पत्रं मी वाचून दाखवली आहेत. मरणाची वाचली, बारशाची वाचली. कधी एक शब्द इकडचा तिकडे केला नाही. पाकीट फोडलं. पातळ कागद, टंकलेखन केलेला. मुलाखत दिनांक सोळा डिसेंबर, सकाळी दहा वाजता. मूळ कागदपत्रांसह उपस्थित राहावे. अनुपस्थित उमेदवाराचा नंतर विचार केला जाणार नाही.

सोळा. म्हणजे मी सुतळीखाली सुरी घातली त्याच्या दुसऱ्या दिवशी.

मी वाचलं, "आपल्या अर्जाचा विचार होऊ शकला नाही. कळावे."

असं कसं तोंडातून आलं ते माहीत नाही. विचार करून नाही आलं. फुलाबाई मटकन खाली बसली आणि देवाला हात जोडले. "सुटले बाई," म्हणाली. "मला वाटलं बोलावनंच आलं का काय, आन् आता कुठल्या तोंडानं भावाला नाय म्हनू." बायका हसल्या, पोळपाट पुन्हा सुरू झाले. दहा-बारा माणसांच्या छातीवरचा धोंडा मी एका वाक्याने उतरवला. वत्सला मात्र लाटणं धरून माझ्याकडे बघत होती.

सुवर्णा माझ्यापासून हातभर अंतरावर, ऊन माझ्या खांद्यावरून त्या पातळ कागदाच्या आरपार गेलेलं. तिने विचारलं, "तात्या, तारीख काय हाय त्याच्यावर?"

"तारीख नाही."

"बरं."

मी कागदाची घडी घालून खिशात ठेवली. म्हणालो, नकाराचा कागद लग्नघरात नको. फुलाबाईलाही ते पटलं. सुवर्णा म्हणाली, "ठेवा." आणि जाऊन पापड लाटायला बसली.

साध्या टपालाची नोंद नसते. कुणी विचारणार नाही. बावीस वर्षांत न वाटलेलं हे पहिलं पत्र. ते आता वहीत, याच पानात आहे. तिला द्यावं म्हणून दोनदा उठलो. दिलं तर तिच्या लग्नात विष कालवल्यासारखं होईल. आणि नाही दिलं तर मी कोण, हे मला वाचता येतं, माझं अक्षर मला लागतं.

तिने काही पाहिलं नसावं. पाहिलं असतं तर बोलली असती.

२४ डिसेंबर, रविवार

लग्न झालं. मांडवात झेंडू माझ्याच मळ्यातला होता. मला मानाचा फेटा बांधला. सायखेड्याचे पुढारीही आले होते, कानात म्हणाले, आपली एकही थैली फुटली नाही खंडेराव, वर दिल्लीपर्यंत नोंद झाली. मी मान डोलावली.

चार वाजता पाठवणी. फुलाबाई रडत होती, मामा घाई करत होता, विंचूरची गाडी सुरू करून ठेवलेली. सुवर्णा थोरांच्या पाया पडत पडत माझ्यापाशी आली. त्या गृहस्थाची धाकटी मुलगी तिच्या कडेवर होती, म्हणून तिला नीट वाकता आलं नाही. मी म्हणालो, "राहू दे गं. सुखी राहा. पत्र पाठव."

तिने माझ्याकडे पाहिलं. राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

"तात्या," ती हळूच म्हणाली, "सोळा तारखेला मी दिवसभर घरीच होते."

मग गाडीत बसली. मी तिला तारीख सांगितली नव्हती.